आम्हा दोघांना दिसतील असे रंग

माझी बायको गेली त्या दिवशी मी पेटीतून चुकीचं लुगडं काढलं. सवाशीण बाई गेली की तिला हिरवं नेसवतात. बायका म्हणाल्या, हिरवं आणा. मी आत गेलो, पेटी उघडली आणि चॉकलेटी घेऊन आलो.  लेक म्हणाली, "आबा, तुमी बसा बरं. मी बघते."

सगळ्यांना वाटलं, दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुःख होतंच, पण डोकं जागेवर होतं. मला लाल, हिरवं, चॉकलेटी यातला फरक कळत नाही. जन्मापासूनच कळत नाही. हे सगळ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस पुढ्यात निजलेलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं मेंढरं राखली. आमच्यात प्रत्येक घराचा रंग ठरलेला असतो. मेंढराच्या पाठीवर त्या रंगाचा पट्टा मारायचा, म्हणजे पाण्यावर दोन कळप मिसळले तरी आपापली ओळखू येतात. आमच्या घरचा रंग लाल, शेजारच्यांचा हिरवा. माझ्या नशिबी नेमकी तीच जोडी. बाप होता तोवर तो निवडायचा. तो गेल्यावर एकदा रामलिंगच्या देवळाकडच्या ओढ्यावर कळप मिसळले आणि मी शेजाऱ्याची चार मेंढरं हाकलत घरी आणली. शेजारी दारात येऊन चोर म्हणाला. लग्नाला सहा महिने झाले नव्हते. बायको पुढं झाली आणि म्हणाली, "म्या हाकलली वो मामा. नवी हाय, मला खूण कळली न्हाय."

तो गेल्यावर तिनं हात माझ्यापुढं धरला. "ह्या दोन बांगड्यात हिरवी कोणती?"

मी अंदाजानं एकीवर बोट ठेवलं, ते चुकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिवळ्या रंगाचा डबा आणायला लावला आणि सगळ्या मेंढरांचे पट्टे बदलले. लोकांना सांगितलं, भंडाऱ्याचा रंग हाय, देवाचा. पुढं जन्मभर तिनं तो विषय काढला नाही. मी सदऱ्याला हात लावला की चुलीपासूनच म्हणायची, "तो तांबडा हाय, लग्नाला जायचंय, पांढरा घाला." मी तिला कधी बरं केलंस असंही म्हणालो नाही. तसं बोलायची आमच्यात रीत नव्हती, असं म्हणून मी सुटू शकतो. खरं म्हणजे मला लाज वाटायची.

ती गेल्यावर लोहाऱ्याहून लेकीनं तिचा मुलगा माझ्याकडं येडशीला पाठवला. चोवीस वर्षांचा बाप्या. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून करतो. सहा महिने बघणार आणि मग पक्का करणार, अशी नोकरी. मधल्या खोलीत टेबल टाकून बसतो. त्याच्या कॉम्प्युटरवर काळ्या पाटीवर ओळीच्या ओळी असतात, आणि एका ओळीत चार-चार रंग. ते कोड लिहायचं साधन, त्याला एडिटर म्हणतात.

एकदा बाजारात तो टोमॅटो घेत होता. एकेक उचलून अंगठ्यानं दाबून बघत होता. दुकानदार ओरडला, "दाबू नको रं, लालभडक दिसायलेत की!" तरी हा दाबतोच. मला तिथंच कळलं. मीही जन्मभर दाबूनच घेतले. पण बोललो नाही. सवय नव्हती.

मग एका दुपारी फोन ठेवून तो नुसता बसून राहिला. जेवायला हाक मारली तरी उठेना.

"काय झालं रं?"

"काय न्हाय. नोकरी सोडतोय. मेल लिहायलोय."

"कामावरून काढलं का?"

"काढतील त्याच्या आधी मीच जातो. दुसऱ्यांदा चूक झाली, आबा. नवी ओळ घातली की हिरवी दिसती, जुनी काढली की लाल. काढायची तीच मी ठेवली आन् ठेवायची ती काढली. आमचं काम तपासणाऱ्या मॅडम म्हणल्या, डोळे उघडे ठेवून काम कर."

"तुला दोन्ही मळकटच दिसतेत. व्हय ना?"

त्यानं मान वर केली. मग सगळं बाहेर पडलं. आधी पोलीस भरतीच्या वेळी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचं पुस्तक दाखवलं होतं, त्यात तो नापास झाला. घरी मात्र लेखी पेपरात गेलो म्हणून सांगितलं.

"तुमाला कसं कळलं?"

"मलाबी तसंच दिसतंय. तुज्या आजीशिवाय कुणाला म्हायती न्हाय. तुज्या आईलाबी न्हाय."

आणि मी त्याला मेंढरांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. 

तो म्हणाला, एडिटरचे रंग बदलता येतात. त्याला थीम म्हणतात, तयार ढिगानं मिळतात.

"मग मर्दा, आजवर का बदलले न्हाईस?"

"मीटिंगमधी पडदा दाखवावा लागतो. समदे इचारतेत, हे कसले रंग लावलेस म्हणून."

"इचारू दे की! राजीनामा लिहायला अक्कल लागत न्हाय. आदी रंग बदल."

जेवण झाल्यावर मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. एक थीम लावली की पाटी पांढरी, दुसरी लावली की निळी, जशी घराची भिंत रंगवावी तशी. आमच्यासारख्या डोळ्यांसाठी केलेल्याही होत्या. म्हणजे आमच्यासारखे बरेच असणार. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. त्यातली एक घेतली, पण तिच्यातही दोन रंग मला सारखेच दिसायचे. तो म्हणाला, बदलू. तिथं रंगाला नाव नसतं, आकडे आणि अक्षरं असतात. एक आकडा बदलला की रंग हलतो. मला ते फार आवडलं. आकडा बघून रंग ओळखायचा, कुणाला विचारायचं काम नाही.

दोन दिवस हेच चाललं. नियम एकच. दोघांना वेगळे दिसतील तेच रंग ठेवायचे.

"आबा, हे दोन?"

"सारखेच."

"आन् आता?"

"हा उन्हासारखा, तो ढगासारखा. ठेव."

घातलेली ओळ निळी झाली, काढलेली पिवळी. त्यावर बारीक चिन्हंही लावली, म्हणजे रंग फसला तरी खूण राहील. लेकीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "आन् दोघं आंधळे रंग निवडायलाव व्हय? मला दाखवा, कसं दिसायलंय ते." फोटो बघून म्हणाली, "लई भडक हाय गं बाई."

"तुज्यासाठी न्हाय केलं," मी म्हणालो.

सोमवारी मीटिंग होती. मी दाराशी शेंगा फोडत बसलो. हात चालत होता, पण लक्ष सगळं आत. त्यानं पडदा दाखवला. मॅडमचा आवाज आला, "हे काय, रंग बदललेस?"

 मला वाटलं, आता खोटं बोलतो. मी असतो तर बोललोच असतो.

"मॅडम, मला लाल-हिरवं कळत नाही. दोन्ही चुका त्यानंच झाल्या. आमच्या आबांनाही कळत नाही. आम्ही दोघांनी बसून हे रंग केलेत."

तिकडं कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस. बरं, आता पुढची ओळ दाखव."

त्यानं दाखवली. तासभर तो बोलत राहिला, मध्येच कुणाला तरी समजावूनही सांगत होता, आणि आवाज कुठं अडकला नाही. नोकरी अजून पक्की नाही, दोन महिने बाकी आहेत. पण तो सकाळी लवकर उठतो आणि आपणहून त्या टेबलाशी जाऊन बसतो.