आधी परतायची वाट

जब्बारभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या नांदेड शाखेत चाचणीचे निकाल चढवत होतो. लातूरहून त्यांचे शेजारी बोलत होते. "दूधवाल्यानं हाक मारली, ओ दिली न्हाई. दार उघडंच होतं, आत जाऊन बघतो तर…" दार उघडंच असणार. एकटे राहायचे, पण घराला कधी कडी लावली नाही. मी त्यावरून त्यांना किती चिडवायचो!

लातूरच्या आमच्या क्लासला मुरुडपासून हिमायतनगरपर्यंतची पोरं येऊ लागली, तेव्हा सरांनी सगळ्यांच्या चाचण्या चालवणारा सर्व्हर घेतला आणि तिसऱ्या मजल्यावर कुलपात ठेवला. परीक्षेचं सॉफ्टवेअर मात्र हट्टी. मध्येच स्क्रीनवर एक चौकट यायची आणि कुणी 'ओके' दाबेपर्यंत सगळं ठप्प. सर किल्लीसकट गावाला गेले की संपलंच. जब्बारभाई सर्व्हर सांभाळायचे, आठवड्यातून एकदा नांदेडला यायचे. एकदा इथे बसूनच त्यांनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहिल्या, सर्व्हरवर स्क्रीन दाखवणारी सेवा बसवली, पासवर्ड दिला, ती चालू केली आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीत, त्यांच्यापुरतं एक आणि माझ्यापुरतं एक दार ठेवलं. जरा वेळात लातूरचा अख्खा स्क्रीन माझ्या टेबलावर! मी खुर्चीतून उठलोच. ते म्हणाले, "बसा, बसा. चहा सांगा."

पुढे एकदा, मोठ्या चाचणीच्या आदल्या दिवशी, ते तीच फायरवॉल नव्यानं आवळत होते. स्वतःच्या वाटेला परवानगी द्यायच्या आधीच त्यांनी ती चालू केली आणि आम्ही दोघंही बाहेर. असं कुणाचंही होतं. पण जब्बारभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सुधाकरराव, कडी लागली… आन मी भाईर." एवढ्यातेवढ्याला काय घाबरायचं, असं मला वाटलं. सरांना फोन करून आम्ही लातूरची बस धरली.

बसमध्ये त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या पहाटे ते नानीच्या गावी अंगणात झोपले होते, नानी आत. भिंत सरकली आणि आतली कडी अडकली. "नानी आवाज देऊन राहिली, म्या भाईरून ढकलून राहिलो. दार हललंच न्हाई." त्यानंतर मी त्यांना कडीवरून कधी चिडवलं नाही.

सरांनी खोली उघडली, चाचणी पार पडली. तेव्हापासून जब्बारभाई फायरवॉलला हात लावण्याआधी एक ओळ लिहायचे… दहा मिनिटांत मी परत सांगितलं नाही, तर तू आपोआप उघड. सगळं नीट झालं की ती ओळ रद्द. "आधी परतायची वाट ठिवा, मंग भिंत घाला," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझी बोटं आता न विचारता तसंच करतात.

मागच्या आठवड्यात सर म्हणाले, जब्बारभाईंची सर्व्हरवर यायची वाट बंद करून टाका. बरोबरच आहे, गेलेल्या माणसाची वाट उघडी ठेवत नाहीत. मी बसलो, सवयीनं आधी ती ओळ लिहिली, मग वाट बंद केली. त्यांचा स्क्रीन माझ्यासमोरून गेला, माझी वाट शाबूत राहिली. सगळं नीट झालं. आता ती ओळ तेवढी रद्द करायची होती.

केली नाही. चहा सांगितला आणि बसून राहिलो. दहा मिनिटांनी दार आपोआप उघडलं. समोर त्यांचा स्क्रीन, त्यांनी सोडला होता तसाच… काळी खिडकी उघडी, आणि कर्सर लुकलुकत होता.