शेट्येभाऊंची इस्त्री

लांज्याहून रत्नागिरीला येणाऱ्या सकाळच्या एसटीत शेट्येभाऊ कधीही बसले नाहीत. अर्धी गाडी रिकामी असली तरी दांड्याला धरून सव्वा तास उभे. मी पालीला चढायचे. अठ्ठ्याण्णव साली नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्याच दिवशी मी सरकून जागा केली तर म्हणाले, "नको गो बाय. बसलो की शर्टाची पाठ गेली."

आम्ही दोघं मिरजोळ्याच्या एकाच कारखान्यात होतो. मी टायपिस्ट, ते स्टोअरमध्ये कारकून, पण ठेकेदाराकडून घेतलेले. पांढरे शर्ट दोनच. करवंटीचे कोळसे घातलेली पितळी इस्त्री ते रोज स्वतः फिरवत. "विजेच्या इस्त्रीला वजन नाय," म्हणायचे. पिशवी हातात, खांद्याला कधी नाही. शेजारचा माणूस पेंगायला लागला की हे एक पाऊल मागे. कंडक्टर चिडवायचा, "शेट्ये, बसा हो, उभ्याला तिकिटात सूट नाय!" त्यावर भाऊ म्हणत, "सूट नको, इस्त्री ऱ्हाऊदे."

मलाही हसू यायचं. मग एकदा त्यांनीच कारण सांगितलं. दर मे महिन्यात मुंबईचे साहेब येऊन ठेकेदाराच्या कारकुनांचे इंटरव्ह्यू घेत आणि एकदोघांना कायम करत. भाऊंच्या पहिल्या इंटरव्ह्यूला साहेबांनी त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, "गाडीत झोपून आलात काय?" सगळे हसले. त्या वर्षी बरोबरचे दोघे कायम झाले, हे राहिले. तेव्हापासून शर्टानेच आपला घात केला हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. "काम माझं कोण बघतंय?" ते म्हणायचे. "शर्ट समोर दिसतो." पुढची सगळी वर्षं ते उभे राहिले. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या, घोट्याजवळ एक जखम कायमची चिघळत राहिली. डॉक्टरांनी उभं राहायची बंदी केली तर म्हणाले, "त्यांचं काय जातंय सांगायला? ते कायम हायत."

नंतरच्या एका एप्रिलात मी एक पत्र टाइप केलं. इंटरव्ह्यू नेहमीप्रमाणे घ्यावेत, पण ठेकेदाराच्या एकाही माणसाला यापुढे कायम करू नये, आणि पावसाळ्यानंतर त्यांना कमी करावं, असा मजकूर होता. मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हे बाहेर गेलं तर तुमचंही बघावं लागेल." वडील नुकतेच गेले होते, घर माझ्या पगारावर होतं. मी गप्प बसले. रोज गाडीत भाऊंसमोर बसून गप्प बसले.

इंटरव्ह्यूच्या दिवशी नेमकी एसटी हातखंब्याला बंद पडली. मागून आलेल्या ट्रॅक्स जीपमध्ये आम्ही मावतील तेवढे कोंबून बसलो. भाऊ बाहेरच. "तू जा गो बाय. ह्यात कोंबलो तर गेलोच समज. मी चालत येतो." मे महिन्याचं ऊन आणि दोन तासांची वाट. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, की भाऊ, आज कुणालाच घेणार नाहीत, बसा. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझी छत्री तरी घ्या."

ते पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटून पार आरपार दिसत होता. स्टोअरच्या पंख्याखाली ते दोन बोटांनी शर्ट अंगापासून लांब धरून उभे राहिले. आत बोलावलं तेव्हा मी टिपणं घ्यायला होते. साहेबांनी नाव विचारलं, किती वर्षं झाली विचारलं आणि "या आता" म्हणून मोकळे झाले. समोरच्या कागदावरून त्यांनी मान वर केलीच नाही.

दसऱ्याच्या सुमाराला कमी केल्याची पत्रं निघाली. भाऊंचं पत्र त्यांच्या हातात मीच दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "बाय, खरं सांग. त्या दिवशी घामानं शर्ट गेला, म्हणूनच ना?"

खरं सांगायचं तर ती सगळी वर्षं फुकट गेली असं सांगावं लागलं असतं, आणि मला ते आधीपासून माहीत होतं हेही. मी म्हटलं, "असेल."

"मग चूक माझीच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसली, आणि मी मनाशी म्हटलं, बरं केलंस. किती निर्लज्जपणे म्हटलं!

दोन वर्षांनी त्या पायाच्या जखमेनेच ते गेले. मी लांज्याला भेटायला गेले. वहिनींना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी चहा दिला, माझं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुमीच सांगितलंत ना ह्यांना, शर्टामुळं गेलं म्हणून? ह्यांनी मला कधी बोल लावला नाय. पण त्या दिवशी कडक ऱ्हावा म्हणून पेजेची खळ मी जास्त घातली व्हती. त्यानंच घामात अंगाला चिकटला. माझ्यामुळं गेली हो त्यांची नोकरी."

साहेब कधीच बदलून गेले होते, मॅनेजर निवृत्त झाले होते, मला कुणाची भीती उरली नव्हती. "नाही हो वहिनी, असं नका म्हणू," एवढंच मी म्हटलं, आणि गाडीची वेळ झाली असं सांगून उठले.