तिच्या पाळीचा सिनेमा

भवानी पेठेतल्या आमच्या अंगणात आम्ही चौघी बिड्या वळायला बसायचो. मी, माझी सासू, शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण आणि चौथी कुणीतरी भाडेकरीण, ती बदलत राहायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यातून आमचा एक रिवाज पडला होता. नवा सिनेमा लागला की चौघींतली एक दुपारच्या खेळाला जायची, बाकीच्या तिच्या वाटच्या बिड्या वळायच्या, आणि परत आल्यावर तिनं तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. पाळी ठरलेली असे आणि ती कुणी मोडत नसे.

सांगावा तर माझ्या मैत्रिणीनंच. घरात तेलुगू बोलणारी, नवरा मागावर कापड विणायला. तीन तासांचा सिनेमा ती तीन दिवस पुरवायची. खलनायक आला की आवाज बदलायची, आणि निम्मं ऐकू येणारी माझी सासूसुद्धा हातातली बिडी तशीच धरून बसायची. मी सांगायला लागले की दोघं भेटले, भांडले, लग्न झालं, संपलं. ती मधेच विचारायची, "साडी कसली हुती तिची?" मला साडी कधी आठवायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आणि ती सगळ्यांत जास्त माझी आहे याचा तोराही होता.

मग सत्तर सालानंतर एका वर्षी मैंदर्गी गावची एक नवी सून मागच्या खोलीत राहायला आली आणि आमच्यातली चौथी झाली. बोलता बोलता मराठीतून कानडीत घसरायची आणि स्वतःच हसायची. मैत्रिणीला ती पोरगी फार आवडली. तिनं तिला शेजारी बसवलं, पाला कापायला शिकवला, एका हातानं बिडीला दोरा बांधायची आपली खास युक्ती दाखवली. ती युक्ती इतक्या वर्षांत मला दाखवली नव्हती. मी विचारलीही नव्हती म्हणा, पण म्हणून काय झालं? माझा जळफळाट झाला तो झालाच.

त्याच वर्षी मैत्रिणीच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यातून तिला परत पाठवलं, घरीच ठेवा म्हणाले. खिडकीजवळ तिची खाट टाकली. खिडकी अंगणात उघडायची, त्यामुळे आमचं बोलणं तिला ऐकू जायचं.

आणि नेमका तो सिनेमा लागला. दोन ट्रक ड्रायव्हर दोस्त, त्यातल्या एकाचे दिवस भरत आलेले, आणि दुसरा त्याला ट्रकमध्ये घालून सगळ्यांचा निरोप घ्यायला गावोगाव फिरवतो. पेठेत सगळीकडं त्याचंच बोलणं होतं. पाळी मैत्रिणीची होती. ती उठून बसूही शकत नव्हती. तिनं मला आत बोलावलं तेव्हा मला वाटलं, पाळी मला देणार.

"म्या माझी पाळी त्या पोरीला दिली," ती म्हणाली.

"का? मी काय मेले होते?"

तोंडातून निघून गेलं. कुणापुढं काय बोलतोय याचं भान राहिलं नाही. ती नुसती हसली. म्हणाली, "तू बिड्या वळ की."

रिवाजाप्रमाणे मी त्या पोरीच्या वाटच्या बिड्या वळल्या. अशा सैल वळल्या की कारखान्यात छाटात, म्हणजे नापास मालात, निघाव्यात आणि बोलणी तिला बसावीत. तशी ती बसलीही.

तीन दिवस ती पोरगी खाटेजवळ बसून सिनेमा सांगत होती. मी अंगणातून ऐकत होते. आतून मैत्रिणीचं हसणं यायचं आणि माझ्या हातात पाला फाटायचा. शेवटी म्हणे एका म्हाताऱ्या वैदूनं झाडपाला दिला, तो दोस्त उठला आणि स्वतः ट्रक चालवत घरी आला.

मला काही ते पटलं नाही. बाजाराचं निमित्त करून, पाळी नसताना, मी एकटी जाऊन सिनेमा बघून आले. दोस्त मरतो. आपल्या गावाच्या वेशीवर, ट्रकमध्येच. सगळं थेटर रडत होतं आणि मला आनंद झाला होता. हे लिहायची लाज वाटते, पण झाला होता.

तडक तिच्या खाटेशी गेले. "तिनं तुला खोटं सांगितलं. तो मरतो."

"म्हाईत हाय की."

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? इतकी वर्सं सिनेमा सांगतीया मी. शेवट सांगताना पोरगी माज्याकडं बगत नव्हती." थोडा वेळ ती दम घेत राहिली. "तिला काय बोलू नगं. लई मन लावून सांगितलंय तिनं. तू गेली असतीस तर खरं सांगितलं असतंस, आन् दोगी रडत बसलो असतो."

मी मान खाली घातली.

"आता बगून आलीस न्हवं? मग सांग. त्या वेशीवरच्या बायकांच्या साड्या कसल्या हुत्या?"

त्या दिवशी मला सगळ्या साड्या आठवल्या. दिवेलागणीपर्यंत मी सांगत होते, आणि तिनं एकदाही टोकलं नाही.

पुढं पंधरा दिवसांनी ती गेली. मी तेव्हा कारखान्यात माल द्यायला रांगेत उभी होते. तिच्याजवळ होती ती मैंदर्गीची पोरगी. हे मी तिला अजून माफ केलेलं नाही, जरी त्यात तिचा काही दोष नव्हता.

दहावा-तेरावा झाल्यावर आम्ही पुन्हा अंगणात बसलो. मग ती पोरगी आपणहून म्हणाली, "अक्का, शेवटाला त्यांनी डोळं उघडलं. दाराकडं बगून म्हनल्या, ती आली का? म्या म्हनलं, अक्का येतील की आता. लई समाधान वाटलं बगा त्यांना."

मी तिच्याकडं पाहिलं. ती मान खाली घालून पाला कापत होती. सांगताना तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नव्हतं.

"मग?" मी म्हटलं. ती पुढं सांगत गेली, आणि मी शेवटपर्यंत ऐकलं.