गुळीचा गालिचा

ट्रक वावराच्या तोंडाशी थांबला आणि दादा खाली उतरला. मी मागून स्कूटीवर पोचले. समोर आमची जागा होती, आणि त्या जागेत रात्रभर मेंढरं बसून गेली होती.

साऱ्या वावरात लेंड्या पसरलेल्या. एका कडेला वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण, अजून उभी होती. आत कोकरं ओरडत होती. दुपारी याच जागेवर ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचा डीलर मेळावा व्हायचा होता. पुण्याहून मोठे साहेब निघाले होते.

आम्ही दोघं भावंडं हिंगोलीत कार्यक्रमांचं काम करायचो. मंडपाचा धंदा वडिलांचा. दादाने तो वाढवला. मी एम.ए. झाले, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि मग त्याच्या हाताखाली आले. ट्रक, खांब, माणसं सांभाळणं त्याचं काम. रंग, मांडणी, कोण कुठे बसेल, हे माझं. लग्नसराईवर आमचं बरं चालायचं. पण त्या वर्षी डॉक्टरांनी दादाला वजन उचलायला मनाई केली होती. दुसरा कोणी मजुरांना सांगून बाजूला उभा राहिला असता. दादाला ते जमायचं नाही. खांब वाकडा दिसला की तो स्वतः खांदा लावणार. कंपन्यांचे कार्यक्रम बहुतेक हॉलमध्ये होतात, तिथे खांब नसतात. मेळावा साहेबांना आवडला तर वर्षभराची कामं देऊ, असं या कंपनीने कबूल केलं होतं. मला ती कामं एवढ्यासाठीच हवी होती.

कंपनीचे इथले अधिकारी शिंदे. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मॅडम, एकदम इम्प्रेसिव्ह पाहिजे. साहेबांनी बघतच राहिलं पाहिजे."

"बजेट काय आहे?"

ते छताकडे बघायला लागले. मग त्यांनी हळूच आकडा सांगितला.

दादा म्हणाला, "शिंदेसाहेब, जेवणात वरण ठेवायचं का तेबी कट करायचं?"

बजेट कमी असलं की लोक सगळीकडे थोडं थोडं सजवतात. त्याने सगळंच गरीब दिसतं. एकच गोष्ट मोठी करावी आणि बाकी साधं, स्वच्छ ठेवावं. स्टेजमागे मोठा दिसेल असा एलईडी वॉल, म्हणजे भिंतीएवढा टीव्ही, आम्हाला परवडणार नव्हता. म्हणून रेकीला, म्हणजे जागा बघायला, मी आखाडा बाळापूरच्या आसपास हिंडले, आणि माणिकरावांचं वावर सापडलं. त्यांची हळद कमरेएवढी आली होती, हिरवीगार, आणि तीही याच कंपनीच्या ठिबकवर. तिला लागून सोयाबीनचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. मी ठरवलं, स्टेजची पाठ हळदीकडे करायची आणि मागे पडदा लावायचाच नाही. बोलणाऱ्याच्या मागे नुसती हळद डोलेल.

माणिकराव भाड्याचं नावही काढू देईनात. "पाव्हणे माझ्या वावरात येऊन राहिले अन् मी पैसे घेऊ व्हय?"

आता तेच माणिकराव हसतमुखाने समोरून येत होते. हातात चहाची किटली होती.

"बघा ताई, तुमच्यासाठी वावर कसं करून ठेवलं!"

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"मेंढरं बसवून घेतली. आता पुण्याचे लोक वावर बघायला येणार. बिनखताचं रान त्यांना कसं दाखवायचं? आपल्याला बरं दिसतंय का ते?"

मी त्यांना सांगायला लागले, की साहेब वावर तपासायला येत नाहीत, कार्यक्रमाला येतात. दादाने मला हाताने थांबवलं. तो वावराच्या कडेला सोयाबीनच्या गुळीच्या ढिगावर जाऊन बसला. मळणीनंतर जो भुसा उरतो, त्याला इकडे गुळी म्हणतात. त्याने चहाचा कप घेतला.

"सुमे, काहून उभी राहिली? चहा घे."

"दादा, साहेब दुपारी येणार आहेत."

"त्यांना येऊ दे. चहा निवून राहिला."

मी रागानेच बसले. दादाने माणिकरावांना मेंढ्यांचं विचारलं, हळदीचं विचारलं, त्यांच्या आईच्या गुडघ्यांचं विचारलं. कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "माणिकराव, खत झकास पडलं. पण जरा झाडून एका कडेला केलं तर?"

माणिकरावांचा चेहरा उतरला. "खत उचलायचं तेवढं म्हणू नका. दोन राती मेंढरं बसवायचा बोल झालाय माझा मेंढरवाल्यांशी."

म्हणजे झाडायचा विचार सोडावा लागला. आमच्याकडचं कार्पेट स्टेजपुरतं आणि मधल्या वाटेपुरतं होतं. खुर्च्या कशावर मांडायच्या? मी दादाकडे बघितलं. तो त्या पिवळट ढिगावर आरामात बसला होता आणि त्याच्या मागे हळद. पिवळ्यावर हिरवा रंग इतका उठून दिसत होता, की मी बघतच राहिले.

"ही गुळी अख्ख्या वावरात पसरली तर? खत जागच्या जागीच राहील. वरून गुळीही मातीत जाईल."

माणिकरावांनी विचार केला. "मंग तं वावराला दुप्पट खत झालं की!"

ट्रॉल्या भरभरून गुळी आली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही दिली. आम्ही जाड थर दिला, धूळ उडू नये म्हणून फवारणीच्या पंपाने हलकं पाणी मारलं आणि वर पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या मांडल्या. स्टेजवर फक्त दोन पितळी घागरींत हळदीची पानं ठेवली. तेवढ्यात एक खांब कलला, आणि मी वळेपर्यंत दादाचा खांदा त्याखाली होता.

"दादा!"

"टेकून उभा हाव नुसता."

वाघूर सोडवून पलीकडच्या बांधाला नेताना सखूबाई आमच्याजवळ थांबली. मेंढरं तिच्या घरची होती. "दिवस मावळताना मेंढरं हितंच येतील, बरं का," ती म्हणाली.

"आजच्या दिवस दुसरीकडे वळवता येतील?" मी विचारलं.

"म्होरल्या मेंढीला काय सांगू? पुण्याचे साहेब आलेत म्हणून?"

म्हणजे कार्यक्रम उजेडातच संपवायला हवा होता.

साहेब आले. गुळीवर त्यांचे बूट हलकेच रुतले. ते थांबले, हळदीकडे बघितलं, खाली बघितलं. "कॉन्सेप्ट कोणाची?"

"आमच्या बहिणीची," दादा म्हणाला.

साहेबांनी नाकाने एकदा हवा घेतली.

"ऑरगॅनिक आहे, सर," शिंदे घाईने म्हणाले.

सुरुवात वेळेवर झाली, पण आपल्याकडे कार्यक्रम अडतो तो सत्कारात. शाल-श्रीफळाच्या यादीत नावं वाढतच गेली. ज्याचं नाव राहील तो वर्षभर बोलणार नाही, हे शिंद्यांना पक्कं माहीत होतं. ऊन कलायला लागलं तसा दादाने माईक हातात घेतला. "राहिलेल्या मंडळींचा सत्कार पंगतीत होईल. बराबर नाव घेऊन, पहिला लाडू वाढून." टाळ्या पडल्या आणि कोणीही रुसलं नाही. पण मग साहेब बोलायला उभे राहिले, आणि साहेबांच्या हातून माईक काढून घेणारा माणूस आमच्याकडे नव्हता.

पाण्याच्या बचतीवर ते बोलत असताना बांधावरून पहिली घंटी वाजली. म्होरली मेंढी आली आणि तिच्यामागे सारा कळप. त्या थेट आत शिरल्या, मान खाली घातली आणि गालिचा खायला लागल्या. एकेक रांग करत पुढे सरकत होत्या. मी दादाचा हात घट्ट धरला. वर्षभराची कामं गेली, असंच मला वाटलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, तुमचे डीलर वाढून राहिले!"

सारा मंडप हसला. साहेबही थांबले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि स्टेजवरूनच शूटिंग सुरू केलं. मग म्हणाले, "यांना भूक लागली आहे. तुम्हालाही लागली असेल. मी थांबतो." आमच्या आयुष्यात साहेबाचं भाषण वेळेआधी संपलेला तो एकच कार्यक्रम.

कामं मिळाली. करारात एक अट जादा आली, कार्यक्रमस्थळी जनावरं नसावीत. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने एका मोठ्या शहरातल्या एसी हॉलमध्ये 'तसाच फ्लोअर' मागितला. हॉलवाल्याने साफसफाईचे जे पैसे लावले, त्यात चांगलं कार्पेट आलं असतं.

दादाने खांब उचलणं सोडलं, असं मी म्हणणार नाही. उचलायला खांब उरले नाहीत, एवढंच. हॉलच्या शेवटच्या रांगेत चहा घेऊन तो बसायचा आणि स्टेजवरचं फूल वाकडं दिसलं की तिथून खुणा करायचा. अशी काही बरी वर्षं त्याला मिळाली. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आता शेवटच्या रांगेकडे मी बघत नाही.

जागा रिकामी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती रिकामी जागा बघून मालक आपल्यासाठी काय करणार आहे, हे विचारावं लागतं. मी आता ते प्रत्येक रेकीत विचारते. मागच्या महिन्यात पुसेगावजवळ विचारलं, तर वावराचे मालक म्हणाले, "काही न्हाई ताई. धूळ बसावी म्हणून आदल्या रातीला मोटर चालू करून वावर चांगलं भिजवून ठेवतो."

मला खुर्च्या चिखलात रुतलेल्या दिसल्या. नको म्हणून सांगायला मी उठलेसुद्धा. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली.

मी परत बसले. चहा घेतला, त्यांच्या पिकाचं विचारलं, घरच्यांचं विचारलं. मग सांगितलं.