दुपारी तुटणारी लाइन

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेला, एका खत-बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरचं काम बघायचे. आमचं एक दुकान कडेगावला होतं. मालकांना तिथला माल सांगलीत बसून बघायचा होता, म्हणून दोन्हीकडे मॉडेम बसवले. इथून फोन लावला की कडेगावचं मॉडेम तो आपोआप उचलायचं, जरा वेळ किंचाळायचं आणि तिथला पडदा आमच्या पडद्यावर दिसायला लागायचा. तिथला माउससुद्धा इथून हलवता यायचा.

सकाळी सगळं सुरळीत असायचं. दुपारी मात्र लाइन जुळते न जुळते तोच तुटायची. मी मॉडेमचा वेग कमी करून पाहिला, वायर बदलून पाठवली, फोनची लाइन तपासून घेतली. काही फरक नाही.

अशात कडेगावच्या मॅनेजरांचा फोन आला.

"मॅडम, दुपारी मी जेवायला घरी जातो. तवा मशीनपाशी कारकून एकटाच असतो. आणखी काय सांगू?"

ते माझ्या डोक्यात बसलं. कारकून फौजेतून रिटायर झालेले. पडद्यावरचा बाण पहिल्यांदा आपोआप हलला तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. तेव्हापासून काम झालं की पडद्यावर फडकं टाकायचे. हेच वायर काढत असणार, असं मलाही वाटायला लागलं.

मी न कळवता एसटीने कडेगावला गेले. मॅनेजर नुकतेच जेवायला गेले होते. त्यांचं घर दुकानाच्या मागेच.

"मला धरायला आलासा व्हय? वायर मी काढतो, असं सायब सांगत फिरत्यात," कारकून म्हणाले.

"लाइन बघायला आले."

"बघा की. मी हितं बसतो."

ते दारापाशी स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. ठरल्याप्रमाणे सांगलीहून माझ्या सहकाऱ्याने फोन लावला. घंटी एकदा वाजली, मॉडेम किंचाळलं, लाइन जुळली. माझं लक्ष पडद्यापेक्षा त्या हातांकडे जास्त होतं. हात जागचे हलले नाहीत. तरी पडदा गोठला आणि लाइन गेली.

मी मॉडेमशेजारचा फोन उचलून कानाला लावला. रेडिओवरचं गाणं ऐकू आलं, आणि त्यावर कुणाचा तरी श्वास. मी खुणेनं कारकुनांना बोलावून रिसीव्हर दिला. त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाले, "हे खाकरणं आमच्या सायबांचं हाय."

भिंतीवरच्या फोनच्या डबीतून एक नवी वायर निघाली होती. झरोक्यातून बाहेर पडून, पत्र्यावरून ती थेट मॅनेजरांच्या घरात गेली होती. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. दार उघडंच होतं. मॅनेजरांच्या पुढ्यात अर्धवट जेवलेलं ताट आणि कानाला रिसीव्हर.

"साहेब, काय ऐकताय?"

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, पण ओशाळले नाहीत. "सकाळी मशीन उचलतंय ते दिसतंय. दुपारी हितं घरात घंटी एकदाच वाजती आन् बंद पडती. म्हंजे कुणीतरी उचलतंय, आन् मला सांगत न्हाई. उचलून बघावं तर नुसतं चिरकणं. मला वाटलं, तुमी दोघं मिळून मालकांना माझ्याबद्दल कायतरी कळवताय."

"त्या लाइनवर माणूस बोलतच नाही. आणि तुम्ही फोन उचललात की ती तुटते."

"मालक सांगलीत बसून माझा पडदा बघत्यात, ते चालतंय. मी माझ्याच दुकानाचा फोन ऐकला तर काय बिघडलं?"

त्यावर कारकून म्हणाले, "आन् वायर मी काढतो, असं सांगितलंसा."

मॅनेजर उठून हात धुवायला गेले.

आम्ही तिघं दुकानात परतलो. ती जादा वायर कारकुनांनी तेव्हाच, स्वतःच्या हातानं सोडवली. मॅनेजरांनी एक अट घातली: सांगलीनं आधी फोन करून विचारायचं, आणि जोडणी चालू असेल तोवर ते स्वतः पडद्यासमोर बसणार. मी कबूल केलं.

मग सहकाऱ्याला पुन्हा लाइन लावायला सांगितलं. या वेळी ती टिकली. मॅनेजर खुर्ची ओढून बसले. बाण हलायला लागला.

"आत्ता कोण हाय?"

"सांगलीतला माझा सहकारी."

"त्याला आपण दिसतो का?"

"नाही. फक्त पडदा दिसतो."

त्यांनी मान हलवली, पण गळ्याजवळचं बटण लावून घेतलं. मागे उभे असलेले कारकूनही जरा बाजूला सरकले.