यंदा काय होणार नाही

आमच्या वॉर्डाच्या मेंबरबाईंनी, एक वर्ष सोडलं तर, नव्या वर्षाच्या शुभेच्छा कधी दिल्या नाहीत. एक जानेवारीला पांढुर्ण्याच्या चौकाचौकांत हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागत आणि रस्ते, नाल्या, दिवे, बगीचा असं सगळंच येत्या वर्षात होणार असल्याचं आम्हाला कळे. बाई मात्र सकाळी गल्लीच्या तोंडाशी, कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या शेकोटीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि यंदा काय होणार नाही ते सांगत. "नाली होनार नाही. मंजुरीत आपलं नाव नाही, मी स्वतः पाहून आली. दिव्याचं बोलनं चालू हाय, पन धरून चालू नोका." माणसं शेकत, संत्री सोलत ऐकून घेत. इतके नकार ऐकूनही लोक खुशीत घरी जात. दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याला हे जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

सीट महिलांची झाली म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडे बायको निवडून आली की लोक नवऱ्यालाच मेंबर म्हणू लागतात. त्यांच्या नवऱ्याचं, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, घरापुढेच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सुरुवातीला सगळे तक्रारी घेऊन तिथेच जात. भाऊ पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत असत, मान वर न करता म्हणत, "मेंबर ते आत हाय. मी पंक्चर काढतो." काही दिवस लोकांना ही थट्टा वाटली. मग सगळे मुकाट्याने आत, चुलीपाशी जाऊ लागले. बाई भाकरी थापता थापता ऐकत आणि एकच विचारत, "तुमी पाहून आले का?" माणूस चाचरला की तव्यावरची भाकरी उतरवून, पदर खोचून स्वतः पाहायला निघत. मी शाळामास्तर, पण माझीही या प्रश्नाने अनेकदा पंचाईत केली आहे.

होणार नाही ते आधी सांगायची रीत मात्र त्यांनी जन्मासोबत आणलेली नव्हती. निवडून आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनीही फ्लेक्स लावला होता. वरच्या गल्लीत पोळ्याच्या आधी नळाला पाणी येईल, असं त्यावर ठसठशीत लिहिलं होतं. वरच्या गल्लीत बौद्ध कुटुंबं राहतात. कोणी संत्र्याच्या मंडीत कामाला, कोणी शेतावर, एकदोघे नगरपालिकेत. जागा उंचावर, त्यामुळे पाइप पोचला तरी पाणी काही चढत नसे, आणि तिथल्या बायका आमच्या खालच्या गल्लीतून पाण्याचे पितळी गुंड भरून नेत. त्यांनी बाईंवर विश्वास ठेवला. घरोघरी नळाचे ओटे बांधले, तोट्या बसवल्या. पोळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस बाई वर गेल्या, तर शांताबाई नावाच्या मजूरबाईने तोटीला दोरी बांधून पोरांचे कपडे वाळत घातले होते.

बाई तिथून थेट आमच्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, तिनं मले शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. तिनं कपडे सरकवून मले बसाले जागा करून देली." त्यानंतरच्या एक जानेवारीला त्यांनी शेकोटीपुढे पहिल्यांदा खुर्ची टाकली आणि आपण दिलेला शब्द खोटा ठरला, इथून बोलायला सुरुवात केली.

वरच्या गल्लीचं पाणी त्यांनी सोडलं नाही. नगरपालिकेत खेटे घालून, पाणी सोडणाऱ्याबरोबर हिंडून त्यांना समजलं की खालच्या गल्लीचा व्हॉल्व लवकर बंद केला, तरच वर पाणी चढेल. खालची गल्ली म्हणजे त्यांचं माहेर, सासर आणि मतं. त्या वर्षी शेकोटीपुढे त्या म्हणाल्या, "यंदा आपल्या गल्लीले पहिल्यावानी पानी भेटनार नाही." कोणीतरी आठवण करून दिली की निवडणूक तोंडावर आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "निवडनूक बी हाय अन् तहान बी हाय. मले दोन्ही दिसून राहिलं."

गल्लीने बोलणं टाकलं. आमच्या घरातही धुणं अर्धवट राहू लागलं आणि माझी बायको बाईंना पाहून दार लोटून घेऊ लागली. बाईंचं घर तर लाइनीच्या शेवटी, म्हणून सगळ्यांत आधी त्यांचाच नळ कोरडा पडे. त्या हापशीवरून गुंड आणताना दिसत. पण त्या उन्हाळ्यात वरच्या गल्लीत पाणी चढलं. बाई पाहायला गेल्या, मीही सोबत होतो. शांताबाईच्या तोटीखाली त्यांनी नुसता हात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, "आता कपडे दुसरीकडं वाळू घाला जी." दोघी हसल्या.

निवडणुकीत बाई पडल्या. आमच्याच गल्लीतला एक तरणा गडी निवडून आला, खालच्या गल्लीला पाण्याचा जुना टाइम परत देतो असं सांगून. वरच्या गल्लीची घरं थोडी, मतं थोडी. आता आपलं पाणी जाणार असं धरूनच ती माणसं बसली होती.

त्या एक जानेवारीला बाईंनी खुर्ची टाकली नाही. इतरांसारख्या दगडावर येऊन बसल्या. शांताबाई वरून उतरून एका कडेला उभ्या होत्या. सवयीने सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. "माह्याकडं काहून पाहून राहिले?" त्या म्हणाल्या. "मेंबरले विचारा." नवा मेंबर नव्या जाकिटात उभा होता आणि मागच्या खांबावर त्याचाच फ्लेक्स जुन्या टाइमची ग्वाही देत होता. तो खालमानेने म्हणाला, "खालच्या गल्लीले जुना टाइम भेटनार नाही. काल वर जाऊन पाहून आलो मी." त्याला निवडून देणारे चारजण तिथून उठून गेले. बाईंनी हातातलं संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

पुढे पांढुर्णा जिल्हा झाला आणि शेकोटीपुढे मोठ्या मोठ्या गोष्टी निघू लागल्या. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "जिल्हा झाला म्हनून पानी चढ चढत नसते जी." आता बोलायचं काम नव्या मेंबरचं होतं. तो काही विसरला, तर त्या दगडावरून हळूच आठवण करून देत. खरं बोलून माणूस पडतो आणि पडूनही लोकांच्या मनात उभा राहतो, हे मला त्यांनी दाखवलं. शाळेत एवढी वर्षं शिकवून मला ते पोरांना सांगता आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर बाई गेल्या. थोडक्या दुखण्यात गेल्या. सायकलचं दुकान तेराव्यापर्यंत बंद होतं.

यंदाही एक जानेवारीला शेकोटी पेटली. माझी बायको पहिल्यांदाच आली होती. भाऊ आले, वरची गल्ली आली, आणि नाराज होऊन गेलेले ते चारजणही आले. मेंबर पुढे झाला. नाली, दिवे, रस्ता, सगळं त्याच्या ओठावर असणार. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"यंदा," तो म्हणाला, "बाई येनार नाही."

त्याला पुढे बोलता येईना. शांताबाईंनी दोन पराट्या आत सारल्या आणि म्हणाल्या, "पुढचं सांग बापू. बाईनं अर्ध्यावर नसतं सोडलं."