एकटाच सुटून आला

माझ्या पणतीला अंगणवाडीतून सुकडी मिळाली. त्या वासाने मोठ्या दुष्काळातली एक सकाळ आठवली. सोसायटीच्या गोदामापुढे लाल बावट्याची माणसं जमली होती. आम्हा खडी फोडणाऱ्यांच्या मोर्च्यात धरलेले सगळे अजून बीडच्या तुरुंगात होते. माझा नवरा तेवढा सुटून आला होता.

"तुलाच कावून सोडलं रं?" पुढाऱ्याने विचारलं. "फौजदाराचा जावई हायेस का?"

माणसं हसली.

"मला खरंच म्हाईत न्हाई, कॉम्रेड."

"खबऱ्या हायेस तू. मोर्चा मोडायचं आधीच ठरलं व्हतं."

त्याला खरंच माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यातला हवालदार माझा मावसभाऊ होता आणि सगळ्यांना तुरुंगात न्यायच्या आधी मी त्याचे पाय धरले होते. हे कळलं असतं तर नवऱ्याने मला घरात ठेवलं नसतं. मी बायांमध्ये बसून सुकडी खात राहिले.

पुढे पक्षाच्या पुस्तकात तो फितूर म्हणून छापला गेला. खरा खबऱ्या कोण, हे तो मरेपर्यंत शोधत होता. एकेका सोबत्याचं नाव घेऊन मला विचारायचा, "ह्योच असंल का गं?"

मी म्हणायचे, "असंल."